स्वतःसाठी बांधलेली घरे : फ्रँक लॉइड राइट यांचे ओक पार्क, टॅलिएसिन आणि टॅलिएसिन वेस्ट

नीलांबरी

वास्तुविशारदाची खरी पारख त्याने स्वतःसाठी बांधलेल्या घरात होते, असे माझे मत आहे आणि ते तपासून पाहण्यासाठीच हा धागा काढत आहे. दुसऱ्याचे घर बांधताना मालकाची ऐपत, त्याच्या घरच्यांच्या आवडीनिवडी, नगरपालिकेचे नियम अशी अनेक कारणे हाताशी असतात आणि काही बिघडले तर त्यांच्याकडे बोट दाखवता येते. स्वतःच्या घरात ही पळवाट उरत नाही.

यासाठी अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. 1867 साली विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेल्या राइट यांनी स्वतःसाठी तीन मोठी घरे उभारली : शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कमधले पहिले घर (1889), विस्कॉन्सिनमधल्या स्प्रिंग ग्रीनजवळचे टॅलिएसिन (1911) आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातले टॅलिएसिन वेस्ट (1937 नंतर). 1959 साली, वयाच्या 91 व्या वर्षी ते वारले, तोपर्यंत शेवटच्या दोन घरांत फेरबदल चालूच होते.

ओक पार्कचे घर बांधले तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. ज्यांच्याकडे नोकरी होती त्या वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्याकडूनच 5,000 डॉलर उसने घेऊन त्यांनी हे घर उभे केले. रस्त्यावरून पाहिले तर लाकडी कौलांनी मढवलेला मोठा त्रिकोणच नजरेत भरतो आणि घर साधे वाटते. आतली गंमत जिना चढल्यावर कळते. 1895 मध्ये वाढवलेल्या मुलांच्या खेळघराकडे जाणारा बोळ अरुंद, अंधारा आणि इतका बुटका आहे की उंच माणूस आपोआप मान खाली घालतो. त्याच्या टोकाला एकदम कमानदार छताची उंच, उजेडाने भरलेली खोली उघडते. तिथल्या खिडक्या मोठ्या माणसाला खाली वाटतात, कारण त्यांची उंची खाली बसलेल्या मुलाच्या नजरेशी जुळवलेली आहे. खोलीत पियानो आहे, पण त्याची फक्त कळपट्टी दिसते. बाकीचा देह भिंतीतून पलीकडे जाऊन मागच्या जिन्याच्या डोक्यावर लोखंडी पट्टीने टांगलेला आहे. खोलीतली जागा अडू नये म्हणून केलेली ही युक्ती मला त्यांच्या कितीतरी प्रसिद्ध इमारतींपेक्षा अधिक बोलकी वाटते.

आपल्यापैकी अनेक जण शिकागो, मॅडिसन आणि फीनिक्स परिसरात राहतात. ही घरे तुम्हाला घर म्हणून कशी वाटली? ती राहण्यासाठी होती, की प्रयोग करून पाहण्यासाठी?

चाफा

धागा वाचून आनंद झाला. त्या बोळाविषयी लिहिलेत ते तंतोतंत खरे आहे. माझी मुलगी त्या बोळातून धावतच गेली आणि खोलीत शिरल्यावर थबकून वर पाहत राहिली. तिला कोणी काही समजावून सांगितलेले नव्हते. तिथल्या फायरप्लेसच्या वर अरबी कथांमधला कोळी आणि जिन यांचे भित्तिचित्र आहे, तेही तिने लगेच ओळखले. मुलांसाठी बांधलेली खोली मुलांना कळली, यापेक्षा मोठी पावती कोणती असणार?

तुळई

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझे लक्ष नेहमी भार कुठून कुठे जातो याकडे असते. ओक पार्कच्या घराला 1898 मध्ये जोडलेल्या स्टुडिओतली ड्राफ्टिंग रूम, म्हणजे आराखडे काढण्याची खोली, प्रत्येक अभियंत्याने पाहावी. ती दुमजली उंचीची आहे आणि तिच्या मधल्या उंचीवरचा सज्जा खालून खांबांवर उभा नाही, तो छपरापासून लोखंडी साखळ्यांनी टांगलेला आहे. उतरत्या छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलत असतो. साखळ्यांचा हाच साज त्या रेट्याला आवरून धरतो. म्हणजे जी गोष्ट शोभेची वाटते तीच काम करते आहे. एरवी असा रेटा सांभाळायला मधे आडव्या तुळया टाकाव्या लागल्या असत्या आणि खोलीचा मोकळेपणा गेला असता.

परंतु मूळ मुद्द्यावर माझा मतभेद आहे. मालक नसला की वास्तुविशारद खरा दिसतो, असे नीलांबरी म्हणतात. माझ्या अनुभवात मालक नसला की ‘नाही’ म्हणणारे कोणी उरत नाही आणि चांगल्या कामाला ते ‘नाही’ लागते. राइट यांचेच ‘फॉलिंगवॉटर’ घ्या. 1935 साली आराखडा झालेल्या त्या घराचे पुढे झेपावलेले सज्जे पुरेशा सळ्यांविना ओतले जातील अशी शंका मालक कॉफमन यांच्या अभियंत्यांना आली आणि त्यांनी आराखड्यात नव्हते इतके जादा लोखंड घालायला लावले. राइट संतापले. तरीही सज्जे झुकतच गेले आणि 2002 मध्ये त्यांना पोस्ट-टेन्शनिंग करून, म्हणजे पोलादी तारांनी ताणून धरून, सावरावे लागले. ते जादा लोखंड नसते तर सावरायला काय उरले असते, याचा विचार करून पाहावा. राइट यांच्या स्वतःच्या घरांत असे अडवणारे कोणीच नव्हते.

ओवी

अडवणारे नव्हते, पण भोगणारे होते. कॅथरीन टोबिन यांच्याशी लग्न झाल्यावर लगेच हे घर बांधले गेले आणि त्या घरात सहा मुले वाढली. त्याच घराच्या भिंतीला भिंत लावून पुढे स्टुडिओ आला, म्हणजे मदतनीस, गिऱ्हाईक आणि मुले एकाच छपराखाली वावरू लागली. मेरियन माहोनी यांच्यासारखी अतिशय गुणी वास्तुविशारद त्या स्टुडिओत काम करत होती, हेही या निमित्ताने नोंदवायला हवे, कारण राइट यांच्या नावावर गाजलेली कितीतरी सुंदर रेखाटने तिच्या हातची आहेत.

1909 मध्ये राइट हे घर, बायको आणि मुले सोडून मामा बोर्थविक यांच्यासोबत युरोपला निघून गेले. त्या त्यांच्याच एका गिऱ्हाईकाच्या पत्नी होत्या. परत आल्यावर त्यांनी 1911 मध्ये स्टुडिओचे रूपांतर कुटुंबाच्या राहण्याच्या जागेत केले आणि मूळ घर भाड्याने देता येईल असे वेगळे काढले. घराची पारख करताना केवळ छताची उंची आणि उजेड पाहून भागत नाही. ज्या बाईने ते घर चालवले तिला पुढे त्याच घराच्या कामाच्या बाजूला राहावे लागले, हेही त्या घराच्या इतिहासात मोजले पाहिजे.

नीलांबरी

ओवी, तुमचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. स्वतःच्या घरात पळवाट नसते असे मी म्हणते, ती याच अर्थाने. मुलांसाठी इतकी समजूतदार खोली बांधणारा आणि त्याच मुलांना सोडून जाणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही गोष्टी त्या एकाच वास्तूत वाचता येतात. दुसऱ्याच्या घरात आपल्याला यातला फक्त पहिला भाग दिसला असता.

तुळई, तुमच्या ‘नाही’विषयी मी विचार करते आहे. पण ओक पार्कमध्ये ‘नाही’ म्हणणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे पैशांची चणचण. टांगलेला पियानो तिच्यातूनच आला असावा असे मला वाटते. खोली मोठी करणे शक्य असते तर त्याची गरज पडली नसती.

सरोज_मॅडिसन

मी मॅडिसनला राहते आणि टॅलिएसिन इथून गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. पाहुणे आले की आमची एक फेरी ठरलेली असते.

त्या घराची मुख्य गोष्ट अशी की ते टेकडीच्या माथ्यावर नाही, माथ्याच्या जरा खाली, तिच्या उताराला कवटाळून बसवलेले आहे. ही सगळी दरी राइट यांच्या आईच्या माहेरची, म्हणजे वेल्सहून आलेल्या लॉइड जोन्स कुटुंबाची, आणि लहानपणी त्यांनी इथल्या शेतात उन्हाळेच्या उन्हाळे राबून काढले होते. चुनखडीचा दगड जवळच्याच खाणीतला आहे आणि तो भिंतीत रचतानाही खाणीत जसा थरावर थर असतो तसाच, काही पाट्या पुढे काढून ठेवला आहे. हात फिरवला तर कडा बोचतात. गिलाव्यात विस्कॉन्सिन नदीची वाळू आहे, त्यामुळे भिंतीचा रंग आणि नदीकाठचा रंग यांत फरक कळत नाही.

ओवी यांनी मामा बोर्थविक यांचा उल्लेख केला. टॅलिएसिन मुळात त्या दोघांच्या संसारासाठी बांधले गेले. 15 ऑगस्ट 1914 रोजी राइट शिकागोत मिडवे गार्डन्स या करमणूक केंद्राच्या कामावर असताना घरातल्या एका नोकराने घराला आग लावली आणि कुऱ्हाडीने हल्ला करून सात जणांचा जीव घेतला. त्यांत मामा आणि त्यांची दोन लहान मुले होती. राइट यांनी घर पुन्हा बांधले. 1925 मध्ये विजेच्या तारांतल्या बिघाडाने राहता भाग पुन्हा जळाला आणि त्यांनी तो तिसऱ्यांदा उभा केला. त्यानंतर कर्जापायी बँकेने घर ताब्यात घेतले, आयुष्यभर जमवलेली जपानी चित्रे विकावी लागली आणि अखेर मित्रांनी व गिऱ्हाइकांनी पैसे घालून राइट यांच्याच नावाची एक कंपनी काढली, तेव्हा ते घरी परत येऊ शकले.

इतके झाल्यावर कोणीही ती जागा सोडून दिली असती. राइट यांनी सोडली नाही, म्हणून मला ते घर प्रयोगशाळा वाटत नाही. केवळ प्रयोग करायचा असता तर तो दुसऱ्या टेकडीवर करता आला असता.

गोदाकाठ

छपराला पन्हळ नाही असे मी एका लेखात वाचले होते. ते खरे आहे का?

सरोज_मॅडिसन

होय, खरे आहे. हिवाळ्यात छपराच्या कडेला बर्फाच्या लांबच लांब सुळ्या लोंबाव्यात अशी राइट यांची इच्छा होती, म्हणून त्यांनी पन्हळी लावल्याच नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात वळचणीला पागोळ्या गळतात, तशा तिथे गोठलेल्या पागोळ्या खिडकीसमोर लटकतात आणि त्यांतून आलेला उजेड आतल्या छतावर पडतो. दिसायला ते अप्रतिम आहे, यात वाद नाही.

तुळई

दिसायला अप्रतिम आहे, परंतु छपरासाठी वाईट आहे. घरातल्या उबेने वरचा बर्फ वितळतो, पाणी कडेपर्यंत येते आणि कडा गार असल्यामुळे तिथे पुन्हा गोठते. गोठलेल्या बर्फाचा बांध तयार झाला की मागचे पाणी कौलांच्या खालून घरात उतरते. ज्या माणसाला खिडकीतून सुळ्या पाहायच्या आहेत त्याने हे पत्करावे. गिऱ्हाइकावर ते लादू नये. म्हणूनच मी म्हणतो की अशा गोष्टी स्वतःच्याच घरात कराव्यात. या बाबतीत मी नीलांबरी यांच्या बाजूचा आहे.

वैदर्भीय_फीनिक्स

मी मूळचा अकोल्याचा, त्यामुळे ऊन मला नवे नाही. टॅलिएसिन वेस्टला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तिथल्या भिंतींनी थांबवले. या कामाचा प्रकार सोपा आहे आणि तो कुठल्याही गवंड्याला समजेल : लाकडी फळ्यांचा साचा उभा करायचा, वाळवंटातले मोठमोठे दगड त्यांची सपाट बाजू फळीला लागेल अशा रीतीने आत लावायचे, मधल्या फटीत लहान दगड आणि कमी सिमेंटचे काँक्रीट भरायचे आणि फळ्या काढून घ्यायच्या. दगड घडवायचा नाही, टाकीचा घाव घालायचा नाही. त्यामुळे भिंतीवर लाल, करडे, जांभळट दगड जसे डोंगरात सापडले तसेच दिसतात. भिंती किंचित कललेल्या आहेत आणि मागच्या मॅकडॉवेल डोंगराची रेषा त्यांत उतरली आहे.

छप्पर मात्र या जडपणाच्या अगदी उलट होते. रेडवुडच्या तांबूस तुळयांवर पांढरे कॅनव्हास ताणलेले होते आणि सुरुवातीला खिडक्यांना काच नव्हतीच. कॅनव्हासच्या झडपा उघडायच्या आणि वारा घ्यायचा. कॅनव्हासमधून गाळून आलेला उजेड डोळ्यांना त्रास देत नाही आणि सावलीही पडू देत नाही, त्यामुळे ड्राफ्टिंगच्या कामाला तो उत्तम. काच 1940 च्या दशकात आली. कॅनव्हास उन्हाने कुजत असे आणि वारंवार बदलावे लागे, म्हणून आता तिथे टिकाऊ कृत्रिम साहित्य वापरतात. हे घर हिवाळ्यापुरते होते हे ध्यानात घेतले पाहिजे. 1936 च्या अखेरीस राइट यांना न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी उबदार हवेत जाण्याचा सल्ला दिला, त्यानंतर हा सगळा व्याप सुरू झाला. उन्हाळ्यात मंडळी विस्कॉन्सिनला परत जात. ॲरिझोनाच्या जूनमध्ये त्या कॅनव्हासखाली बसण्याची कल्पना अकोल्याच्या माणसालाही करवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. त्या माळावर जुन्या आदिवासींनी कोरलेली शिल्पे असलेले दगड सापडले. राइट यांनी ते आवारात मांडले. पुढे खालच्या दरीतून विजेच्या उच्चदाब तारा जाऊ लागल्या तेव्हा त्या जमिनीखालून न्याव्यात म्हणून त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत गाऱ्हाणे नेले. उपयोग झाला नाही. मग त्यांनी घराचे लक्ष दरीकडून काढून डोंगराकडे वळवले. बांधून झालेल्या घराचे तोंड फिरवण्याचे धाडस मालक स्वतः असल्याशिवाय होत नाही.

पाटीपेन्सिल

सर्वांनी फार तळमळीने लिहिले आहे, पण हे दगड कोणी उचलले याविषयी अजून कोणी बोललेले नाही. 1932 मध्ये, म्हणजे मंदीच्या ऐन भरात, राइट आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी ओल्गिवाना यांनी टॅलिएसिन फेलोशिप सुरू केली. शिकायला येणाऱ्या तरुणांकडून सुरुवातीला वर्षाला 650 डॉलर घेतले जात आणि त्या बदल्यात ते शेतात राबत, लाकडे फोडत, स्वयंपाक करत, भांडी घासत आणि गुरूचे घर बांधत. टॅलिएसिन वेस्ट बहुतांशी त्यांच्याच हातांनी उभे राहिले. मी शिक्षिका आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काम करावे हे मला पटते. पण त्या कामासाठी त्यानेच पैसे भरावे आणि तयार झालेली वास्तू गुरूची व्हावी, हे मला पटत नाही. ओक पार्कच्या घरासाठी राइट यांनी कर्ज तरी काढले होते. पुढच्या घरांचा खर्च दुसऱ्यांच्या तारुण्यातून निघाला.

अलिबागकर_नाना

पाटीपेन्सिल ताई, आपली तक्रार न्याय्य आहे. परंतु त्या शिक्षणातून काय निघाले याचे एक उदाहरण आमच्या रायगड जिल्ह्यात आहे. वास्तुविशारद नारी गांधी हे मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून राइट यांच्याकडे टॅलिएसिनला गेले आणि पाचेक वर्षे तिथे राहिले. भारतात परतल्यावर त्यांनी जी घरे बांधली त्यांतली काही लोणावळ्याला आणि आमच्या रेवदंडा-कोर्लईच्या बाजूला आहेत. ते कागदावर फारसे आराखडे काढत नसत. जागेवर जाऊन बसायचे, गवंडी आणि सुतार यांच्याशी बोलत बोलत काम पुढे न्यायचे, कमान कुठून उचलायची ते तिथेच ठरवायचे, अशी त्यांची रीत होती. विटांच्या मोठमोठ्या कमानी, जागेवर मिळालेला दगड, आतले आणि बाहेरचे यांत दार नावाची सीमा जवळजवळ नाहीच. हे कॉलेजच्या वर्गात बसून येत नाही. दगड स्वतः साच्यात लावलेल्या माणसालाच गवंड्याशी त्याच्या भाषेत बोलता येते. 1993 मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा आमच्या भागातल्या कारागिरांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

अहमदाबादच्या गिरा साराभाई यांनीही राइट यांच्याकडेच काम शिकून घेतले होते आणि पुढे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत बंधू गौतम यांच्यासोबत त्यांचा मोठा वाटा होता.

पाटीपेन्सिल

नाना, नारी गांधींविषयी इतक्या आत्मीयतेने लिहिल्याबद्दल आभार. मला तो फरकच महत्त्वाचा वाटतो : गांधी स्वतःही कारागिरांमध्ये बसले, आणि त्या कारागिरांना मजुरी मिळत होती.

हेमाडपंती

मी पुण्यात वारसा-जतनाच्या क्षेत्रात काम करतो. या चर्चेत एक प्रश्न राहून जातो आहे आणि आमच्या पेशाला तो रोज छळतो. जे घर त्याच्या कर्त्याने कधी पूर्णच केले नाही, ते जतन करायचे म्हणजे त्याची कोणती अवस्था जतन करायची?

ओक पार्कच्या घरासाठी 1974 मध्ये न्यास स्थापन झाला आणि पुढची तेरा वर्षे काम चालले. त्यांनी 1909 हे साल धरले, म्हणजे राइट तिथे राहून काम करत होते ते अखेरचे वर्ष. त्यासाठी 1911 नंतरचे बरेच फेरबदल काढून टाकले गेले. पण ओवी यांनी वर लिहिलेच आहे की 1911 चे फेरबदल राइट यांनी स्वतः केले होते. म्हणजे राइट यांचे घर दाखवण्यासाठी राइट यांचेच काम उतरवले गेले. वारसा-जतनाच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत असे तत्त्व आहे की इमारतीत सर्व काळांनी घातलेली मोलाची भर जपली पाहिजे, केवळ शैलीची एकरूपता हे जतनाचे उद्दिष्ट नव्हे. त्या कसोटीवर ओक पार्कचा निर्णय वादग्रस्त ठरतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर भाडेकरूंसाठी पाडलेल्या खोल्यांमधून फिरताना तुम्हाला तो बोळ, ते खेळघर आणि ती साखळ्यांची ड्राफ्टिंग रूम यांचा परस्परसंबंध कधीच कळला नसता. मी त्या जागी असतो तर मीही 1909 च निवडले असते, परंतु काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील अशी व्यवस्था केली असती.

टॅलिएसिनमध्ये अडचण आणखी वेगळी आहे. तिथे राइट यांच्या अखेरच्या वर्षांतली अवस्था प्रमाण मानतात. पण ते बांधकाम नवशिक्या हातांनी, हाताशी असेल त्या साहित्याने, पुढच्या वर्षी बदलायचेच आहे अशा समजुतीने केलेले आहे. पाया उथळ, जोड कच्चे. ते जसेच्या तसे ठेवले तर पडेल आणि पक्के केले तर ते राइट यांचे राहणार नाही. त्यांनी 1953 मध्ये पत्नी ओल्गिवाना यांच्यासाठी घरातून बाहेर झाडांच्या शेंड्यांकडे झेपावणारा चाळीस फुटी अरुंद सज्जा बांधला. असे सज्जे उभे ठेवणे किती कठीण असते ते तुळई साहेबांना सांगायला नको.

तुळई

आत नवे पोलाद घालावे आणि बाहेरून कळू देऊ नये, हा एकच मार्ग आहे. फॉलिंगवॉटरमध्ये तेच केले. वास्तू उभी राहिली तर ती कोणाची, यावर वाद घालायला लोक तरी उरतील.

ओवी

हेमाडपंती, 1909 हे साल मला आणखी एका कारणाने खटकते. त्या वर्षावर घड्याळ थांबवले की कॅथरीन आणि मुले पुढे तिथेच कशी राहिली तो भाग पाहणाऱ्याच्या नजरेआड होतो. घराला राइट यांचे घर म्हणून गोठवले, पण 1909 नंतर ते प्रत्यक्षात त्यांच्या कुटुंबाचे घर होते. एखादी तरी खोली 1911 च्या अवस्थेत ठेवता आली असती.

हेमाडपंती

ही सूचना विचार करण्याजोगी आहे. एकाच वास्तूत दोन काळ दाखवण्याची पद्धत काही ठिकाणी वापरतात, फक्त त्यांची सीमा पाहणाऱ्याला स्पष्ट कळली पाहिजे.

अनंतपुरीकर

मी नोकरीनिमित्त तिरुवनंतपुरमला असतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी नालंचिरा येथे स्वतःसाठी बांधलेले ‘हॅम्लेट’ इथेच आहे. बेकर हेही घर वर्षानुवर्षे वाढवत गेले, पण वाढवण्याचे कारण वेगळे होते. खडकाळ उतारावर, झाडे न तोडता, दुसरीकडे पाडलेल्या घरांचे साहित्य मिळेल तसे आणून ते एकेक खोली जोडत राहिले. राइट यांच्या फेरबदलांत समाधान न होणारा कलावंत दिसतो. बेकर यांच्या घरात गरज पडली म्हणून वाढलेला संसार दिसतो. तुळई यांना हवे असलेले ‘नाही’ बेकर स्वतःलाच म्हणत होते असे मला वाटते, कारण अनावश्यक खर्चाला त्यांनी आयुष्यभर विरोध केला.

शलाका_बीआर्क

मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे आणि याच विषयावर निबंध लिहिते आहे. तिन्ही घरांची तुलना करायची तर सुरुवात कुठून करावी? प्रबंधिकेसाठी प्रवास करण्याची संधी मिळते आहे, पण वेळ थोडा आहे.

नीलांबरी

शलाका, तिन्ही घरांत समान धागा शोधायचा असेल तर प्रवेशापासून सुरुवात कर. ओक पार्कचा बोळ, टॅलिएसिनमधली बुटकी देवडी आणि टॅलिएसिन वेस्टमधले छताखाली वाकायला लावणारे दार, तिन्ही ठिकाणी राइट माणसाला आधी आक्रसायला लावतात आणि मग मोकळे करतात. प्रत्येक ठिकाणी बुटक्या भागाची आणि मोठ्या खोलीची उंची कापचित्रात (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या रेखाटनात) शेजारी शेजारी मांडलीस तर पन्नास वर्षांत काय बदलले आणि काय टिकले ते कागदावरच दिसेल.

तुळई आणि ओवी यांचे म्हणणे वाचल्यावर मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : ही घरे राहण्यासाठीच होती, पण त्यांत राहण्याच्या अटी एकाच माणसाने ठरवल्या होत्या आणि त्या त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिल्या. राइट यांचे दफन टॅलिएसिनजवळच्या कौटुंबिक चॅपेलशेजारी झाले होते. 1985 मध्ये ओल्गिवाना यांच्या निधनानंतर त्यांच्या इच्छेनुसार ते अवशेष उकरून, दहन करून, रक्षा ॲरिझोनाला नेण्यात आली. विस्कॉन्सिनमधल्या अनेकांना ते आजही मान्य नाही. कोणते घर राइट यांचे खरे घर, हा वाद इतका खोल गेला होता.

सरोज_मॅडिसन

शलाकाला प्रवासाबद्दल थोडे सांगते. टॅलिएसिन साधारण मे ते ऑक्टोबर एवढेच पाहता येते, त्यामुळे बर्फाच्या सुळ्या पाहायला मिळतील या भरवशावर डिसेंबरमध्ये येऊ नकोस. वेळ कमी असेल तर शिकागोत उतरून ओक पार्कला आधी जा. शहरातून लोकल गाडीने पोहोचता येते आणि स्टेशनापासून घर चालण्याच्या अंतरावर आहे. घर पाहून झाले की त्याच वस्तीत लेक स्ट्रीटवर युनिटी टेंपल आहे, तेही पायीच गाठता येते. 2019 मध्ये युनेस्कोने राइट यांच्या ज्या आठ वास्तू जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या त्यांत युनिटी टेंपल, टॅलिएसिन आणि टॅलिएसिन वेस्ट आहेत, ओक पार्कचे घर मात्र नाही. तुझ्या निबंधात याची कारणमीमांसा आली तर मला वाचायला आवडेल. मॅडिसनला यायचे ठरले तर इथेच निरोप टाक, टॅलिएसिनला मी घेऊन जाईन.